चक्की बांधायला पैसा की चक्की मोजायला? पवनऊर्जेवरच्या सरकारी संशोधनाबद्दल

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेने नासा आणि बोईंगला हाताशी धरून पवनचक्क्यांवर कोट्यवधी डॉलर ओतले आणि पदरात काही पडले नाही. डेन्मार्कमध्ये सुतार-लोहारांनी शेताच्या कडेला चक्क्या उभ्या केल्या आणि जगाची बाजारपेठ मारली. मग सरकारने या क्षेत्रात संशोधनावर पैसा घालावाच कशाला? घातलाच तर नेमका कशावर?

या गोष्टीचा पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. दुसऱ्या भागात मात्र एक मोठी गोष्ट गाळली जाते. डेन्मार्कच्या त्या सुतार-लोहारांच्या पाठीशीसुद्धा सरकारी पैसाच होता, पण तो मुख्यतः दुसऱ्यांनी बांधलेल्या चक्क्या तपासायला आणि मोजायला वापरला गेला. आकड्यांत बघायचे तर १९७५ ते १९८८ या काळात अमेरिकी सरकारने पवनऊर्जा संशोधनावर ४० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला आणि डेन्मार्कने २ कोटींच्या आसपास. वीसपट फरक. पण पैसा कमी म्हणून डेन्मार्क जिंकले असा निष्कर्ष कोणी काढू नये. पैसा कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी लावला, ते बघायला हवे.

आधी अमेरिकेचे बघू. १९७३ च्या तेलसंकटानंतर काम नासाच्या क्लीव्हलंडच्या लुईस संशोधन केंद्राकडे गेले. प्रोपेलर म्हणजे आपला विषय, अशी तिथल्या विमान अभियंत्यांची स्वाभाविक समजूत. १९७५ मध्ये ओहायोतल्या प्लम ब्रूक इथे मॉड-० उभी राहिली: १०० किलोवॅट, ३८ मीटर व्यास, दोन पाती, आणि रोटर (पात्यांचे फिरणारे चक्र) मनोऱ्याच्या मागच्या बाजूला, ज्याला डाउनविंड म्हणतात. या मांडणीत पाती वाऱ्याने मागे वाकली तरी मनोऱ्यावर आपटायची भीती नसते, म्हणून ती हलकी करता येतात. कागदावर हे छान दिसते. पण प्रत्येक पाते प्रत्येक फेऱ्यात मनोऱ्याच्या वाऱ्याच्या सावलीतून जाते. मॉड-० च्या जाळीदार मनोऱ्याच्या आत माणसांना चढायला जिना होता. त्या जिन्यामुळे वारा अंदाजापेक्षा बराच जास्त अडत होता आणि पात्यांवरचे वाकवणारे बल हिशेबापेक्षा कितीतरी वर गेले. शेवटी जिना काढून टाकावा लागला. बोईंगसारख्या कंपन्यांच्या देशात संशोधनाचा पहिला मोठा निष्कर्ष जिन्याबद्दल निघाला, याचे हसू येते खरे. पण हा निष्कर्ष लाखमोलाचा होता, कारण तो स्ट्रेन गेजने (धातूला किती ताण पडतो ते मोजणाऱ्या पट्टीने) मोजून काढलेला होता.

पुढची मॉड-१ त्याहून बोलकी आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या बून गावाजवळच्या टेकडीवर १९७९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने २ मेगावॅटची, ६१ मीटर व्यासाची ही चक्की बसवली. पुन्हा डाउनविंड, पुन्हा दोन पाती आणि चार नळीदार पायांचा जाळीदार मनोरा. मिनिटाला ३५ फेरे. व्यास आणि फेऱ्यांवरून पात्याच्या टोकाचा वेग काढा: ३.१४ गुणिले ६१ गुणिले ३५, भागिले ६०. उत्तर येते सेकंदाला सुमारे ११२ मीटर. हे टोक मिनिटाला ७० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण १.२ वेळा, मनोऱ्याच्या पायांमागच्या मंद वाऱ्यात शिरते आणि बाहेर पडते. प्रत्येक वेळी पात्यावरचा दाब अचानक पडतो आणि पुन्हा चढतो. त्यातून निघणारा आवाज म्हणजे धप्प असा ठोका. त्याची बरीचशी ऊर्जा इतक्या खालच्या कंपनसंख्येत असते की कानाला कमी आणि घराच्या भिंतींना, खिडक्यांना जास्त कळते. दरीतल्या काही घरांची तावदाने थरथरू लागली. डोंगराच्या उतारांमुळे आणि हवेच्या थरांमुळे आवाज वाकून ठरावीक ठिकाणी गोळा होत होता, त्यामुळे जवळच्या एखाद्या घराला काहीच त्रास नाही आणि लांबच्याला झोप नाही, असा प्रकार. उपाय म्हणून वेग ३५ वरून २३ फेऱ्यांवर आणला. टोकाचा वेग ११२ वरून ७३ मीटरवर आला, ठोके सौम्य झाले, पण सोबत वीजही घटली. १९८१ च्या जानेवारीत मुख्य दांड्याच्या जोडणीतले बोल्ट तुटले आणि यंत्र थांबले ते थांबलेच. १९८३ मध्ये ते उतरवले.

मॉड-१ फसली म्हणून पैसा वाया गेला असे म्हणणारे एक विसरतात. त्या आवाजाचा सरकारी पैशाने जो सखोल अभ्यास झाला, त्यानंतर मोठी चक्की डाउनविंड बांधायला जवळजवळ कोणी धजले नाही. आज पठारावर उभ्या चक्कीकडे पाहा: रोटर वाऱ्याच्या तोंडाशी, मनोरा मागे, आणि मनोरा गोल नळीचा. पात्याच्या टोकाचा वेगही जमिनीवरच्या यंत्रांत साधारण ७५ ते ९० मीटरच्या पट्ट्यात ठेवतात. यात बूनच्या त्या टेकडीचा वाटा आहे.

त्यानंतरच्या मॉड-२ मध्ये बोईंगने रोटर वाऱ्याच्या तोंडाशी आणला. २.५ मेगावॅट, ९१ मीटर व्यास, वॉशिंग्टन राज्यातल्या गुडनो हिल्सवर तीन यंत्रे. १९८१ च्या जूनमध्ये पात्यांचा कोन, म्हणजे पिच, फिरवणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेने दगा दिला, एक यंत्र अतिवेगाने फिरले आणि त्याची मोडतोड झाली. नंतर मुख्य दांड्यांना भेगा सापडल्या. शेवटची मॉड-५बी, ३.२ मेगावॅटची, हवाईतल्या ओआहू बेटावर १९८७ मध्ये सुरू झाली, ती तुलनेने बरी चालली. तिची वेग बदलता ठेवण्याची पद्धत आज जवळपास प्रत्येक मोठ्या चक्कीत आहे.

जर्मनीने याच काळात हीच चूक आणखी मोठ्या मापात केली. ग्रोविआन: ३ मेगावॅट, १०० मीटरहून किंचित जास्त व्यास, एल्बच्या मुखाजवळच्या सखल किनाऱ्यावर १९८३ मध्ये सुरू. हबजवळच्या (जिथे पाती जोडतात त्या मधल्या भागाजवळच्या) वेल्ड केलेल्या चौकटीला भेगा पडू लागल्या आणि पाच वर्षांत हे यंत्र जेमतेम ४२० तास फिरले. १९८८ मध्ये भंगारात. गंमत म्हणजे ग्रोविआनमधली जनरेटरची रचना, ज्यात रोटरच्या गुंडाळीलाही वेगळ्या कंपनसंख्येची वीज देऊन वेग बदलता ठेवतात, ती पुढे वीस वर्षांनी जगभर सर्रास झाली. वीज-अभियंत्यांचा भाग काळाच्या पुढे होता. वेल्डिंगच्या सांध्याने मात्र मान टाकली.

हे सगळे का तुटत होते, ते समजून घेतल्याशिवाय पैसा कशावर घालावा हे कळणार नाही. उत्तर एका शब्दात: फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा वाकून धातूला किंवा लॅमिनेटला (पात्यातल्या चिकटवलेल्या थरांना) येणारा थकवा. हिशेब करून बघा. मिनिटाला ३५ फेरे, वर्षाला ६,००० तास, २० वर्षे: २५ कोटींहून अधिक फेरे. प्रत्येक फेऱ्यात पाते स्वतःच्या वजनाने एकदा एका कडेला आणि एकदा दुसऱ्या कडेला ताणले जाते. त्यावर वाऱ्याचे झटके, वर जास्त आणि खाली कमी असलेला वारा, मनोऱ्याची सावली. रस्त्यावरचा पूल किंवा विमानाचा पंख आयुष्यभरात इतके हेलकावे खात नाही. विमानातून आलेल्या अभियंत्यांचा अंदाज इथेच चुकला: सर्वांत जोरदार वादळ सहन होईल असे त्यांनी पाहिले, पण रोजच्या मध्यम वाऱ्यातले कोट्यवधी छोटे हेलकावे नीट मोजलेले नव्हते.

आणि या छोट्या हेलकाव्यांत चूक फार महाग पडते. भार किती वाढला की आयुष्य किती घटते, याचे नाते घातांकी असते. वेल्ड केलेल्या पोलादासाठी हा घातांक ३ ते ४ धरतात, काचतंतूच्या लॅमिनेटसाठी १० च्या आसपास. समजा प्रत्यक्ष भार अंदाजापेक्षा ३० टक्के जास्त निघाला. घातांक ४ असलेल्या पोलादाचे आयुष्य जवळपास एक तृतीयांश होते, म्हणजे २० वर्षांची वस्तू ७ वर्षांत जाते. काचतंतूच्या पात्याचे आयुष्य मात्र चौदाव्या हिश्श्यावर येते: २० वर्षांचे दीड वर्ष. सुरुवातीच्या यंत्रांवर भाराचे अंदाज ३० टक्क्यांनी चुकणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती.

आता डेन्मार्क. तिथे १९५७ मध्ये योहान्स यूल या वीजकंपनीतल्या अभियंत्याने गेडसर गावाजवळ २०० किलोवॅटची चक्की उभी केली होती, मार्शल योजनेतल्या पैशाच्या मदतीने. म्हणजे हेही एका अर्थाने सरकारी संशोधनच. तीन पाती, २४ मीटर व्यास, मिनिटाला ३० फेरे, रोटर मनोऱ्याच्या पुढे. टोकाचा वेग काढा: सेकंदाला ३८ मीटर. मॉड-१ चा तिसरा हिस्सा. पाती एकमेकांना तारांनी बांधलेली, त्यामुळे मुळाशी वाकवणारे बल कमी. जनरेटर साधा असिंक्रोनस. तो ग्रिडला जोडला की ग्रिडच रोटरचा वेग धरून ठेवते. वारा फार वाढला की पात्यावरचा प्रवाह आपोआप सुटतो, म्हणजे स्टॉल होतो, आणि वीज एका मर्यादेपुढे जात नाही. पिच फिरवणारी नाजूक यंत्रणा नाही. फक्त पात्यांच्या टोकाला फिरणारे ब्रेक. दिसायला ओबडधोबड हे यंत्र १९६७ पर्यंत नियमित चालले, तेव्हा तेल स्वस्त होते म्हणून बंद केले.

इथे एक मजेशीर दुवा आहे. १९७७ मध्ये हेच गेडसरचे बंद यंत्र पुन्हा सुरू करून मोजायला अमेरिकी सरकारनेही पैसे दिले. म्हणजे अमेरिकेने नव्या डिझाइनवर जे प्रचंड पैसे घातले, त्यांच्या तुलनेत फुटकळ रकमेत एका जुन्या, चालून दाखवलेल्या यंत्राची मोजमापे हाती आली. डेन्मार्कच्या नव्या पिढीने ती मोजमापे आणि ती मांडणी उचलली. तीन पाती, पुढे रोटर, स्टॉल, असिंक्रोनस जनरेटर: यालाच पुढे डॅनिश पद्धत म्हणू लागले.

डेन्मार्कनेही मोठ्या यंत्रांवर हात भाजून घेतले, हे सांगायला हवे. निबे इथे १९७९-८० मध्ये ६३० किलोवॅटच्या दोन चक्क्या सरकारी कार्यक्रमातून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पात्यांनीही त्रास दिला. तेव्हा 'डॅनिश सरकार शहाणे, अमेरिकी सरकार मूर्ख' असला हिशेब नाही. फरक पडला तो रिसोच्या चाचणी केंद्रामुळे. रोस्किल्डजवळचे रिसो हे मुळात अणुसंशोधनासाठी उभारलेले केंद्र. १९७८ मध्ये तिथे छोट्या पवनचक्क्यांसाठी चाचणी केंद्र सुरू झाले, मूठभर अभियंत्यांचे. १९७९ पासून सरकारने चक्की घेणाऱ्याला किमतीच्या ३० टक्के अनुदान देऊ केले, पण एका अटीवर: त्या मॉडेलला रिसोची मंजुरी हवी. या एका अटीने सारे चित्र पालटले. गावातल्या कारखानदाराला अनुदानासाठी रिसोच्या दारात यावेच लागे; तिथे अभियंता त्याची रेखाचित्रे बघे, यंत्र महिनोन्महिने मोजे आणि कुठे काय तुटेल ते सांगे. एकाच्या चुकीतून मिळालेला धडा पुढच्या मंजुरीच्या नियमात जाई, म्हणजे सगळ्यांना लागू होई.

त्यातला सर्वांत महत्त्वाचा नियम ब्रेकचा. प्रत्येक चक्कीला एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन ब्रेक यंत्रणा हव्यात आणि त्यातली एक वायुगतिक हवी, म्हणजे पात्यावरच काम करणारी. का? ग्रिडची वीज गेली की असिंक्रोनस जनरेटर रोटरला धरून ठेवत नाही. वाऱ्याचा जोर तसाच, विरोध शून्य. छोटा रोटर काही सेकंदांत दुप्पट वेगाने फिरू लागतो. वेग दुप्पट झाला की पात्याला बाहेर खेचणारे बल चौपट. डिस्क ब्रेक बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या पुढे, जलद फिरणाऱ्या दांड्यावर बसवतात, कारण तिथे टॉर्क (पिळणारे बल) कमी आणि ब्रेक स्वस्त पडतो. पण गिअरचा दात किंवा मधला कपलिंगच तुटला तर तो ब्रेक रोटरपासून तुटलेल्या दांड्याला थांबवतो, रोटर मोकाट. पात्याच्या टोकाचा तुकडा ९० अंशात वळवणारा ब्रेक मात्र स्प्रिंगने आत धरलेला असतो आणि वेग वाढला की केंद्रापसारक बलानेच सुटतो. त्याला वीज नको, तेल नको, संगणक नको.

कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकात करसवलतींमुळे चक्क्यांची लाट आली, तेव्हा ही जड, सावध, मंजुरीतून गेलेली डॅनिश यंत्रे तिथे टिकली. हलकी, चलाख डिझाइन्स मोडून पडली. १९८५ च्या सुमारास तिथल्या नव्या बाजारात डॅनिश यंत्रांचा वाटा निम्म्याच्या आसपास होता. ती करसवलतही सरकारी पैसाच, पण ती गुंतवणुकीवर मिळे, किती युनिट निर्माण झाली यावर नाही. मग यंत्र फिरले काय, न फिरले काय, सवलत खिशात. आपल्याकडे १९९० च्या दशकात पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळे, म्हणजे कर मोजताना यंत्राची पूर्ण किंमत वजा होई, तेव्हा हाच प्रकार झाला. २००९ च्या शेवटी युनिटमागे ५० पैशांचे प्रोत्साहन आले, ते या दृष्टीने शहाणपणाचे होते.

अमेरिकी सरकारी संशोधनाने नंतर कूस बदलली, त्याची तीन उदाहरणे देण्यासारखी आहेत. पहिले पात्याच्या छेदाचे, म्हणजे आडवे कापल्यावर दिसणाऱ्या आकाराचे. कॅलिफोर्नियात पात्यांच्या पुढच्या कडेवर किडे चिकटून थर बसे आणि स्टॉलवर चालणाऱ्या यंत्रांची वीज झपाट्याने घटे. मूळ छेद विमानांचे होते. विमानाच्या पंखावर किडे चिकटले तर कोणीतरी पुसते. राष्ट्रीय प्रयोगशाळेने पृष्ठभाग खडबडीत झाला तरी कमी बिघडणारे खास छेद तयार केले. काम साधे वाटते, पण कंपन्यांना त्याचा फायदा थेट युनिटमध्ये दिसला.

दुसरे उदाहरण मला सर्वांत जास्त आवडते. २००० साली १० मीटर व्यासाचा दोन पात्यांचा रोटर नासाच्या एम्स केंद्रातल्या महाकाय वाराबोगद्यात बसवला. बोगद्याचा छेद २४ मीटर गुणिले ३६ मीटर, म्हणजे भिंतींचा त्रास नगण्य. मोजमापे जाहीर करण्याआधी जगभरच्या तज्ज्ञांना सांगितले: तुमच्या संगणकी मॉडेलने भाकीत करा, आम्ही नंतर उत्तर उघडू. सर्वांत सोप्या स्थितीत, स्थिर वारा, सरळ तोंड, स्टॉल नाही, तरी विजेची भाकिते खऱ्या मोजमापाच्या २५ टक्क्यांपासून १७५ टक्क्यांपर्यंत विखुरलेली होती. स्टॉलमध्ये ३० ते २७५ टक्के. जे लोक जगाच्या चक्क्या डिझाइन करत होते त्यांची ही स्थिती! असा प्रयोग कोणतीही कंपनी स्वतःच्या पैशाने करणार नाही आणि केला तर निकाल जाहीर करणार नाही. सरकारी पैशाची खरी जागा हीच.

तिसरे गिअरबॉक्सचे. २० वर्षांसाठी बनवलेले गिअरबॉक्स पाच-सात वर्षांत जात होते आणि चक्की बनवणारा, गिअरबॉक्स बनवणारा, बेअरिंग बनवणारा असे तिघे एकमेकांकडे बोट दाखवत होते, कारण कोणाकडेच पूर्ण माहिती नव्हती. २००७ पासून अमेरिकी प्रयोगशाळेने ७५० किलोवॅटचे गिअरबॉक्स आतून सेन्सर लावून मोजले, प्रत्यक्ष वाऱ्यातही आणि चाचणीच्या बाकावरही. दिसले असे की रोटरचे वजन आणि वाऱ्याचे झटके मुख्य दांड्याला वाकवतात, तो वाक गिअरबॉक्सच्या ग्रह-चक्राच्या चौकटीत शिरतो, आणि ग्रहाच्या दोन बेअरिंगपैकी एकावर भार जास्त, दुसऱ्यावर जवळपास नाही, अशी स्थिती प्रत्येक फेऱ्यात येते. फक्त टॉर्क धरून केलेले डिझाइन बरोबर असूनही अपुरे होते. पुढच्या आवृत्तीत आधीच दाबून बसवलेली टेपर रोलर बेअरिंग घालून ढिलेपणा काढला.

तेव्हा भारतात कोणी सरकारी निधीसाठी प्रस्ताव लिहीत असेल, तर त्यात काय असावे? आपल्याकडे पायाभूत काम झालेले आहे. हवामानशास्त्रज्ञ अॅना मणी यांच्या नेतृत्वाखाली वाऱ्याचे सर्वेक्षण झाले आणि त्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचा सहभाग होता. १९८० च्या दशकाच्या मध्याला कोकणातल्या देवगडसह देशातल्या काही किनारी ठिकाणी प्रात्यक्षिक प्रकल्प उभे राहिले. चेन्नईचे पवनऊर्जा तंत्रज्ञान केंद्र १९९८ मध्ये स्थापन झाले, २०१४ पासून ते राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था म्हणून ओळखले जाते. तमिळनाडूतल्या कायथरचे त्याचे चाचणी केंद्र डॅनिश मदतीने उभे राहिले, म्हणजे रिसोचा वारसा तिथपर्यंत पोचतो. यात भर घालायची तर 'स्वदेशी १० मेगावॅट चक्की' असल्या घोषणेपेक्षा खालची कामे जास्त फळतात.

वारा नीट मोजणे हे पहिले. जुने मास्ट (वारा मोजायचे खांब) २०-२५ मीटरचे, आजचे हब १०० मीटर आणि वर. मधला फरक बऱ्याचदा उंचीच्या गुणोत्तराला एक सप्तमांश घातांक धरून काढतात. २५ मीटरवर ६ मीटर प्रतिसेकंद मिळाले तर १०० मीटरवर ७.३ येतात. पण सह्याद्रीच्या पठाराच्या माथ्यावर, चाळकेवाडीसारख्या ठिकाणी, वारा चढावर आधीच वेग घेतो आणि उंचीनुसारची वाढ सपाट होते. घातांक ०.०८ निघाला तर १०० मीटरवर ६.७ च मिळतात आणि घनाच्या नियमाने (ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते) वाऱ्यातली ऊर्जा अंदाजाच्या ७७ टक्के. बँकेचे कर्ज ७.३ वर बेतलेले असते. शिवाय सपाट युरोपसाठी बनवलेली रेषीय मॉडेल प्रवाह जमिनीला चिकटून वाहतो असे गृहीत धरतात. उतार साधारण ३० टक्क्यांपुढे गेला की प्रवाह सुटतो आणि मॉडेल खुशाल चुकीचे, पण गोंडस उत्तर देते. सह्याद्रीच्या कड्यांवर हे रोजचे आहे. तिथे एका मॉडेलच्या परवान्यापेक्षा दुसरा मास्ट आणि एक लायडार (लेसरने वारा मोजणारे यंत्र) जास्त सांगतात.

वीज-वक्र, म्हणजे कोणत्या वाऱ्याला किती वीज याचा आलेख, मोजायचा तर नियम ठरलेले आहेत: मास्ट चक्कीपासून २ ते ४ व्यासांवर, शक्यतो २.५ वर, दहा मिनिटांच्या सरासऱ्या, वाऱ्याचे ०.५ मीटरचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात किमान अर्धा तास आणि एकूण किमान १८० तास. हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलोवर आणून तुलना. डोंगराळ जागी चक्की उभी करण्याआधी तिच्या जागेवर तात्पुरता मास्ट लावून दोन्ही जागांचे नाते काढावे लागते. हे टप्प्यात बसवायला विसरले की चक्की उभी राहते आणि मग ते काम कधीच होत नाही. कपच्या वाऱ्यामापकाचे कॅलिब्रेशन दोन्ही वेळा करा, लावण्याआधी आणि उतरवल्यावर. वेगात १ टक्का चूक म्हणजे वीज-वक्राच्या चढत्या भागात विजेत ३ टक्क्यांपर्यंत.

भार मोजताना पात्याच्या मुळाशी दोन पूर्ण ब्रिज (स्ट्रेन गेजच्या जोडण्या) लावतात, एक चपट्या दिशेला आणि एक कडेच्या दिशेला. त्यांचे कॅलिब्रेशन निसर्गच करून देतो. वारा पडलेल्या पहाटे रोटर हळू फिरवा. कडेच्या दिशेला पात्याचे वजनच ज्ञात बल असते. पाते ६ टनांचे आणि गुरुत्वमध्य मुळापासून १२ मीटर असेल तर आघूर्ण ७०६ किलोन्यूटन-मीटर, एका फेऱ्यात अधिक-उणे तेवढे. सिग्नल तेवढा हलला पाहिजे. मग पाते ९० अंश पिच करून हेच चपट्या दिशेसाठी. हे दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करा, कारण तापमानाने शून्य सरकते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. नमुने सेकंदाला किमान २० तरी. दहा मिनिटांच्या सरासऱ्या साठवून मूळ नमुने पुसून टाकणारे प्रकल्प असतात. फटीगचा हिशेब हेलकावे मोजून होतो, सरासरीतून तो होऊच शकत नाही.

पात्याच्या फटीग चाचणीला वेळ किती लागतो हे प्रस्तावात कोणी धरत नाही. ६० मीटरच्या घरातल्या पात्याची चपट्या दिशेची नैसर्गिक कंपनसंख्या ०.६ हर्ट्झच्या आसपास. १० लाख हेलकावे म्हणजे सलग १९ दिवस, रात्रंदिवस, तेही काही बिघडले नाही तर. कडेच्या दिशेला हेलकाव्यांची संख्या आणखी जास्त लागते. घाई करायला आयाम वाढवला तर जाड लॅमिनेट आतून गरम होते आणि आपण पाते नाही, गरम पाते तपासतो. फटीगच्या आधी आणि नंतर स्थिर भाराची चाचणी, मध्ये चिकटलेल्या सांध्यांची अल्ट्रासाउंड तपासणी. टाचणीएवढी पोकळी नाही, तर हातभर सुटलेला गोंद शोधायचा असतो.

संगणकी बाजूला पैसा घालायची गरज कमी आहे, कारण ते काम सरकारी पैशाने झालेले आणि खुले आहे. चक्की संगणकावर चालवून बघायचा ओपनफास्ट हा प्रोग्राम मोफत मिळतो. ५ मेगावॅटचे संदर्भ-यंत्र, १२६ मीटर व्यास, ९० मीटर हब, त्याची सगळी आकडेवारी जाहीर आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तिथून सुरुवात करावी. कंपनीच्या गुप्त आकड्यांची वाट बघत दोन वर्षे घालवू नयेत.

शेवटी, करारात एक कलम जरूर घाला: यंत्र मोडले तर मोडलेला भाग प्रकल्पाचा, पुरवठादाराचा नाही. पुरवठादार नवा भाग देतो आणि जुना गाडीत टाकून घेऊन जातो; त्याच्यासोबत सगळे उत्तर जाते. आणि तो भाग हाती आला की तुटलेल्या पृष्ठभागाला वायर ब्रश लावू देऊ नका, रॉकेलने पुसू देऊ नका, आणि दोन तुकडे 'बसतात का' म्हणून एकमेकांवर घासू देऊ नका. तेलाचा पातळ थर, प्लॅस्टिकची पिशवी, आणि तुकडा कोणत्या बाजूने कसा बसला होता याचा मार्करने काढलेला बाण. फटीगने तुटलेल्या बोल्टच्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा कमानदार रेषा असतात. त्या एका बिंदूतून पसरतात, आणि भेग कुठे सुरू झाली ते तो बिंदू सांगतो: आट्याच्या मुळाशी, गंजाच्या खड्ड्यात, की डोक्याखालच्या गोलाईत.